पीएच.डी.ची संशोधनवृत्ति आणि परभणीचे कागद

संशोधनास द्रव्य लागतें, हें सिद्ध करण्यास प्रमाण नको. परंतु दिलेलें द्रव्य संशोधनाच्या कोणत्या अंगास पोंचतें, याची परीक्षा क्वचितच होते. ती येथें एका वृत्तीपुरती करावयाची आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधनवृत्ति १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. निर्वाहाच्या दृष्टीनें ही वाढ स्तुत्यच होय. मात्र मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यास किरकोळ खर्चासाठीं पहिलीं दोन वर्षें सालीना १०,००० रुपयेच मिळतात. वर्षाच्या ४,४४,००० रुपयांच्या वृत्तीशीं ताडून पाहतां हें प्रमाण शेंकडा सव्वादोन पडतें. पुस्तकें, कागद, छायाचित्रें आणि प्रवास हें सर्व त्यांतच भागवावयाचें. म्हणजे संशोधकाच्या बसण्याची सोय झाली, फिरण्याची नाहीं.

परभणीसारख्या जिल्ह्यांत ही उणीव विशेष बोंचते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें फारसी-उर्दू दप्तर हैदराबादेस, पेशवेकालीन दप्तर पुण्यास, आणि मोडी कागद व पोथ्या गांवोगांवच्या घरांत व मठांत, अशी साधनांची त्रिस्थळी झाली आहे. पाथरीसाठीं निजामशाही व इमादशाही झगडल्या, ही हकीकत मुद्रित तवारिखांत बसल्या जागीं वाचतां येते. पण चारठाण्याचीं मंदिरें किंवा गंगाखेडच्या घरोघरचे कागद तेथें गेल्यावांचून कळत नाहींत. शिवाय दप्तराचा धनी पहिल्या भेटींत रुमाल सोडीत नाहीं, हा आमच्या वाचकांपैकीं अनेकांचा अनुभव असेल. दोन-चार खेपा घालाव्या लागतात. खेपांस पैसा नाहीं, म्हणून छापील ग्रंथांवरच प्रबंध उभा राहतो. पदवी मिळते, साधन अंधारांतच राहतें, आणि वाळवी कोणाच्या अर्जाची वाट पाहत नाहीं.

कै. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे २२ खंड सिद्ध केले, ते गांवोगांव हिंडूनच. परंतु एका पुरुषाचा त्याग हा धोरणाचा पर्याय नव्हे. १९६१ सालीं स्थापन झालेली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यास भारतांत राहून अकरा महिन्यांपर्यंत काम करण्यासाठीं वृत्ति देते. प्रत्यक्ष स्थळीं राहणें हाच तिचा पाया. परंतु परक्यांनीं हिंडावें व आपण वाचावें, ही व्यवस्थाही शाश्वत नाहीं. २०२५ सालीं अमेरिकी शिक्षणखात्यानें परदेशांतील प्रबंधसंशोधनासाठीं असलेल्या फुलब्राइट-हेज वृत्तीची त्या वर्षाची निवडच रद्द केली.

अभ्यासप्रवासासाठीं भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेचें निराळें अनुदान आहे, असा आक्षेप येईल. आहे खरें, पण प्रवास हा निराळ्या अर्जाचा विषय ठरावा, हाच आमच्या मतें मूळ दोष होय. प्रवासाच्या नांवाखालीं पैसा वायां जाईल, ही भीति मात्र अगदींच निराधार नाहीं. म्हणून वृत्तींतच प्रवासाची स्वतंत्र रक्कम असावी, आणि पाहिलेल्या कागदांची यादी व छायाप्रति धन्यास आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठास दिल्यावरच ती पुरी मिळावी. या विद्यापीठाच्या क्षेत्रांत परभणी जिल्हा येतोच.

संग्राहकांनींही आपला वांटा उचलावा. विद्यार्थी दारीं आला असतां रुमाल न सुटेल, तर कितीही मोठी वृत्ति निष्फळच होय.