आवाजाच्या पुढे कोण गेले? – एका दाव्याची चिकित्सा

वेग शिकवताना 'कशाच्या सापेक्ष?' हा प्रश्न आपण वर्गात एकदा विचारतो आणि पुढच्या धड्याला लागतो. शंकरपटाची बैलजोडी असो की आगगाडी, वेग मोजायचा तो जमिनीवरच्या दोन खुणांमधला, हे विद्यार्थ्यांच्या मनात पक्के बसते. एरवी त्याने काही बिघडत नाही. परंतु जमिनीवरून धावणाऱ्या वाहनाने ध्वनीचा वेग ओलांडला का, हे ठरवायचे असेल तर हीच सवय नडते. ध्वनी हवेतून जातो. म्हणून येथे विचारायचे ते वाहन जमिनीवरून किती वेगाने गेले हे नव्हे, तर हवेतून किती वेगाने गेले हे.

१७ डिसेंबर १९७९ रोजी कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावरच्या कोरड्या तलावात 'बडवायझर रॉकेट' हे तीन चाकी वाहन धावले. चालक होते स्टॅन बॅरेट. वाहनाने ताशी ७३९.६६६ मैल, म्हणजे सुमारे १,१९० किलोमीटर वेग गाठला, असा दावा करण्यात आला. त्या सकाळी हवेचे तापमान शून्याखाली सुमारे ७ अंश सेल्सिअस होते आणि अशा हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,१७८ किलोमीटर भरतो. १,१९० भागिले १,१७८ म्हणजे १.०१. या गुणोत्तराला माख अंक म्हणतात. तो १ च्या वर असल्याने ध्वनीचा अडसर ओलांडला, असे जाहीर झाले. वेगाचा आकडा रडारच्या नोंदी आणि वाहनावरील त्वरणमापक यांवरून काढला होता. धाव एकाच दिशेने झाली होती. अधिकृत विक्रम म्हणून या धावेला मान्यता मिळाली नाही.

वाहन त्या वेगाने गेलेच नाही, असे येथे म्हणायचे नाही. पुरावा पुरेसा आहे का, एवढेच तपासायचे आहे.

सिद्धतेसाठी हाती असलेली शिल्लक आधी पाहू. दोन वेगांतला फरक ताशी अवघा साडेबारा किलोमीटर आहे. पाठीमागून ताशी १३ किलोमीटरचा वारा असेल, म्हणजे झाडाची पाने सळसळावीत इतपत, तर हवेच्या सापेक्ष वाहन ध्वनीपेक्षा मागेच राहते. समोरून तेवढाच वारा असेल तर दावा उलट बळकट होतो. रडारच्या आकड्यात एका टक्क्याहून थोडी जास्त चूक असली तरी सारी शिल्लक संपते. तापमान मोजण्यात सहा अंशांची चूक झाली तरी तेच होते. दाव्याबरोबर नेहमी सांगितल्या जाणाऱ्या वाहनाच्या आणि ध्वनीच्या वेगात वाऱ्याचा कोठेच हिशेब नाही. सहा अंकी ७३९.६६६ हा आकडा अचूकतेचा आभास निर्माण करतो. पण दशांश चिन्हापुढचे अंक वाढल्याने मापन चांगले होत नाही.

हेच वाहन त्याच १,१९० किलोमीटर वेगाने मोहर्लीत मे महिन्यातील दुपारी, पारा ४६ अंशांवर असताना धावले असते तर? त्या तापलेल्या हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,२९० किलोमीटर असतो. माख अंक आला असता ०.९२. वाहन तेच, जमिनीवरचा वेग तोच. केवळ हवा बदलली आणि विक्रम नाहीसा झाला.

मग योग्य उपकरण कोणते? १७३२ साली फ्रेंच अभियंता आंरी पिटो याने सेन नदीचा प्रवाह मोजण्यासाठी वापरलेल्या नळीची सुधारलेली आवृत्ती. प्रवाहाकडे तोंड केलेल्या छिद्रात हवा अडते आणि दाब वाढतो. बाजूच्या छिद्रांना हवेचा मूळ दाब मिळतो. दोहोंतील फरकावरून हवेचा वेग कळतो. विमानांवर ही नळी असतेच. फॉर्म्युला वन मोटारींच्या पुढच्या भागावरही ती दिसते.

बर्नुलीच्या तत्त्वावरून मिळणारे सूत्र सोपे आहे : दाबातील फरक म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ताशी १०० किलोमीटरला हा फरक पाण्याच्या सुमारे ४७ मिलिमीटर स्तंभाइतका येतो. ताशी १० किलोमीटरला मात्र तो अर्धा मिलिमीटरही भरत नाही. वेग दसपट कमी झाला की दाब शंभरपट कमी होतो, हे वर्गाचे नाते येथे डोळ्यांना दिसते. परंतु हे सूत्र हवा दबत नाही असे धरून चालते. ध्वनीच्या वेगाजवळ हवा चांगलीच दबते. तेथे हेच सूत्र वापरले तर उत्तर सुमारे १३ टक्के जास्त येते. म्हणून तेथे दाबांतील फरकाऐवजी दोन दाबांचे गुणोत्तर पाहतात. माख १ ला ते सुमारे १.८९ असते. विशेष म्हणजे या गुणोत्तरावरून माख अंक थेट मिळतो. तापमान वेगळे मोजावे लागत नाही आणि वाऱ्याचा हिशेब आपोआप होतो.

या नळीचेही दोष आहेत. वाहनाच्या अंगाजवळ आणि जमिनीलगत हवेचा दाब बिघडलेला असतो, म्हणून नळी लांब दांडीवर, पुढे बसवून तिची आधी तपासणी करावी लागते. ध्वनीच्या वेगापलीकडे नळीपुढे आघातलहर तयार होते व सूत्र पुन्हा बदलते. दाब लांब, बारीक नळीतून नेला तर तो उशिरा पोहोचतो. नोंदीही दाट हव्यात. सेकंदाला दहा नोंदी घेतल्या तरी या वेगाला दोन नोंदींमध्ये वाहन ३३ मीटर पुढे गेलेले असते. अशा वहीतील एकुलती एक सर्वांत मोठी नोंद पुरावा ठरत नाही. तिच्या आगेमागे तशाच नोंदींची सलग रांग दिसली पाहिजे.

आता दुसरे उदाहरण. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन यांनी 'थ्रस्ट एसएससी' हे वाहन मोजून आखलेल्या मैलावरून दोन्ही दिशांना, तासाभराच्या आत नेले. वेग भरले ताशी सुमारे १,२२२ आणि १,२३४ किलोमीटर. माख अंक १.०१५ आणि १.०२०. दोनच दिवस आधी दोन्ही धावा ध्वनीच्या पुढे गेल्या होत्या, पण परतीची धाव मिनिटभरापेक्षाही कमी उशिरामुळे तासाच्या बाहेर पडली आणि विक्रम नोंदला गेला नाही. नियम कडक वाटतो. त्यामागचे कारण मात्र साधे आहे. वारा तासाभरात फारसा बदलला नाही असे धरले, तर जाताना तो पाठीमागून असेल आणि येताना समोरून. दोन्ही धावांत जमिनीवरचा वेगच ध्वनीहून अधिक असेल, तर निदान एका धावेत हवेच्या सापेक्ष वेग त्याहूनही अधिक असलाच पाहिजे. वारा न मोजताही हा निष्कर्ष टिकतो. १९७९ च्या दाव्यात हीच तरतूद नव्हती.

बर्नुलीचे तत्त्व शिकवताना आपण वादळात उडालेली छपरे आणि विमानाचे पंख यांची उदाहरणे देतो. ही उदाहरणे ऐकायची आहेत, मोजायची नाहीत. त्यांच्या शेजारी पिटो नळीला हक्काची जागा मिळायला हवी, कारण तिच्यात तत्त्व, मापन आणि मापनाच्या मर्यादा एकत्र भेटतात.

नळी नसली तरी सापेक्षतेचा मुद्दा मोहर्लीसारख्या गावातील शाळेच्या मैदानावरही दाखवता येईल. वाऱ्याच्या दिवशी ५० मीटरची सरळ वाट आखा. एका विद्यार्थ्याने सायकल वाऱ्याच्या दिशेने आणि मग उलट, शक्यतो सारख्याच सेकंदांत न्यावी. सायकलच्या मुठीला कागदी भिरभिरे बांधावे. त्याच्या एका पात्याला पुठ्ठ्याचा तुकडा घासेल असे केले म्हणजे फिरण्याचा आवाज ऐकू येईल. घड्याळ दोन्ही वेळा सारखे सांगेल, भिरभिरे मात्र वेगवेगळे बोलेल. मग १९७९ आणि १९९७ चे आकडे फळ्यावर लिहा आणि कोणता दावा का मानायचा, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.