लोकापवाद आणि ध्वनिमुद्रिका

कलावंताचे चरित्र आणि त्याची कला यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न आपल्या टीकावाङ्मयाला नवा नाही. कवी आणि नाटककार यांच्या बाबतीत तो पुष्कळ चर्चिला गेला आहे. गवयाच्या बाबतीत मात्र आपण त्याकडे काणाडोळाच करीत आलो. वस्तुतः तेथे तो अधिक अवघड आहे. नको असलेल्या कवीचे पुस्तक मिटून ठेवता येते. चौकातील कर्ण्यावरून येणारे गाणे मात्र ज्याने ते मागितलेले नाही त्याच्याही कानावर पडते. म्हणून ‘दुष्कीर्त गायकाचे गाणे ऐकावे काय?’ आणि ‘ते सार्वजनिक जागी लावावे काय?’ हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि येथे आम्ही दुसऱ्याचाच विचार करणार आहोत.

या विचारास निमित्त आमच्याच शाळेने दिले. कामरेज परिसरातील या शाळेत खानदेशातून आलेल्या मराठी घरांतील मुले पुष्कळ आहेत. रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी एका गायकाच्या आवाजातील प्रार्थनेचे मुद्रण लावण्याची आमची पद्धत होती. गायकाचे नाव येथे देत नाही. आसपासच्या दोन-तीन जिल्ह्यांत त्यास मोठा मान होता, गाण्याचे वर्गही होते. पुढे शिकणाऱ्या मुलींशी त्याच्या वर्तनाचा बोभाटा झाला, वर्ग बंद पडले आणि त्याने गाव सोडले. आमच्याकडील मुद्रण मात्र तसेच वाजत राहिले. त्यात काही वावगे आहे असे आमच्या मनातही आले नाही, हे कबूल केले पाहिजे. एके दिवशी तिसरीतील एका मुलीची आई कार्यालयात आली. कधीकाळी ती त्या वर्गात शिकत होती. मुलीला फाटकाशी सोडताना रोज तो आवाज कानी पडतो, म्हणून प्रार्थना संपेपर्यंत ती वळणावरच मुलीला थांबवून ठेवते आणि मुलीच्या नावापुढे उशिराची खूण पडते, एवढेच तिने सांगितले. मुद्रण बंद करा असे ती म्हणालीही नाही. उशिराच्या खुणेबद्दल सवलत मागण्यास ती आली होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ते मुद्रण थांबविले. मुले स्वतःच प्रार्थना म्हणू लागली, काहीशी बेसूर. शिक्षकांच्या खोलीत यावर चर्चा झाली तेव्हा आमचे एक तरुण सहकारी म्हणाले, “सर, मग बालगंधर्वांची पदेही बंद करावी लागतील. गोहरबाईंच्या प्रकरणात लोकांनी त्यांना काय कमी नावे ठेवली?” त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. शंका रास्त होती. नारायणराव राजहंसांनी गोहरबाई कर्नाटकी यांच्याशी संसार मांडला तेव्हा त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्राचा बराच मोठा भाग त्यांच्यापासून दुरावला. पुढे १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले, पण घरोघरची कुजबुज थांबली नव्हती.

तथापि या प्रश्नाचा खरा धडा आम्हांस गंधर्वांपेक्षा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या चरित्रात सापडतो, आणि त्याचा संबंध आमच्या भूमीशीही आहे. कामरेज हा जुन्या बडोदे संस्थानातील नवसारी प्रांताचा एक महाल. त्याच संस्थानाच्या दरबारात किराण्याहून आलेले हे तरुण गवई नोकरीस होते. राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत. दोघांचे प्रेम जडले आणि दोघांना बडोदे सोडावे लागले. गवई मुसलमान, मुलगी मराठा सरदाराची: त्या काळच्या दृष्टीने याहून मोठा कलंक तो कोणता? बडोद्यात त्यांच्या नावाची चर्चा कोणत्या शब्दांत झाली असेल, हे सांगण्यास कागदपत्रांची गरज नाही.

आणि तरीही आज त्या कलंकाचे काय उरले आहे? खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचे देहावसान झाले आणि मिरजेस दर्ग्याच्या छायेत त्यांना मूठमाती मिळाली. ताराबाई काही वर्षांनी मुलांसह त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या होत्या. त्या घरातील दुःख खरे होते, आणि आमच्या मते ते त्यांच्या प्रेमविवाहाच्या गवगव्यापेक्षा अधिक विचारात घेण्याजोगे आहे. परंतु याच घराने मराठी संगीतास सुरेशबाबू माने दिले, हिराबाई बडोदेकर दिल्या. ज्या हिराबाईंनी स्त्रीच्या जाहीर गाण्यास प्रतिष्ठा मिळवून दिली, तिकीट लावून सभ्य बैठक करण्याचा पायंडा पाडण्यात ज्यांचा अग्रमान आहे, त्या लोकापवादाच्याच पोटी जन्मल्या होत्या. गदगच्या एका दुकानात खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी वाजत होती. ती ऐकून एक शाळकरी मुलगा वेडावला आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. बडोद्यातील अपकीर्ती ध्यानात घेऊन त्या दुकानदाराने ती तबकडी बाजूस ठेवली असती तर आपण काय गमावले असते, याचा हिशेब करवत नाही.

खाँसाहेबांच्या गाण्याविषयी एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. त्या मुद्रिकांतील स्वराची आर्तता ऐकून ‘पाहा, संसार मोडल्याचे दुःख कसे उमटले आहे’ असे म्हणणारे रसिक आम्ही पाहिले आहेत. हा भ्रम आहे. ती आर्तता सुरांच्या लावण्यात आहे, श्वासाच्या लांबीत आहे, षड्जावर स्थिरावण्याच्या त्या विलक्षण सावकाशीत आहे. गवयाचे चरित्र त्याच्या स्वरात ऐकू येते ही समजूत स्तुतीसाठी वापरली तरी चुकीचीच आहे, आणि निंदेसाठी वापरली तर घातक आहे. आमच्या प्रार्थनेचे मुद्रण वर्षानुवर्षे आम्ही ऐकत होतो. त्या गोड आवाजात आम्हांस काहीही कळले नाही.

लोकापवादाचा निकष सत्तेच्या हाती गेला म्हणजे काय होते, हेही आपल्या इतिहासात आहे. १९४६ साली हंगामी सरकारात नभोवाणी खाते सरदार वल्लभभाई पटेलांकडे होते. ज्यांचे खाजगी जीवन हा लोकनिंदेचा विषय झाला आहे अशा कलावंतांना आकाशवाणीवर स्थान देऊ नये, असा दंडक तेव्हा घालण्यात आला. बारडोली आमच्या शेजारी. या भागात सरदारांविषयी प्रतिकूल लिहिताना लेखणी अडखळते. परंतु लिहिले पाहिजे. या दंडकाचा मारा पडला तो मुख्यतः गाणे हाच ज्यांच्या घरचा पिढीजात व्यवसाय होता त्या स्त्रियांवर. त्यांनी कोणाचे काय बिघडविले होते? बिघडले असलेच तर त्यांचेच. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म गोव्यातील कलावंत घराण्यांतला. जन्मावरून चारित्र्य ठरविणारा असा निकष सर्वत्र काटेकोरपणे लावला असता तर विसाव्या शतकातील आपल्या ख्यालगायनाचे अर्धे वैभव दाराबाहेर उभे राहिले असते. १९७७ साली ज्या केसरबाईंचा स्वर व्हॉयेजर यानातून सूर्यमालेच्या पलीकडे पाठविला गेला, त्या याच समाजातल्या.

येथे आमच्या सहकाऱ्यांस उत्तर मिळते. ‘लोक नावे ठेवतात’ आणि ‘कोणास इजा झाली’ या दोन गोष्टी आपण एकाच शब्दाखाली झाकल्या आहेत. बालगंधर्वांच्या वा खाँसाहेबांच्या प्रकरणात समाजाच्या अभिमानास धक्का बसला; आमच्या प्रार्थनागायकाच्या प्रकरणात विश्वासाने समोर बसलेल्या मुलीस धक्का बसला. पहिल्याची दखल गाणे लावणाऱ्याने घेण्याचे कारण नाही. दुसऱ्याची घेतली पाहिजे. २०१८ साली मद्रासच्या म्युझिक अकादमीने स्त्रियांच्या तक्रारींनंतर आपल्या मार्गशीर्षातील महोत्सवातून सात कलावंतांना वगळले. २०२० साली भोपाळच्या ध्रुपद संस्थानातील विद्यार्थिनींनी आपल्या गुरूंविरुद्ध तक्रारी मांडल्या. यांतील प्रत्येक आरोपाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण या प्रकरणांत गुरुशिष्यनात्याचाच प्रश्न वारंवार उभा राहिला, हे आम्हा शिक्षकांस विसरता येत नाही. गुरूच्या आसनाचा मान आणि तबकडीतील स्वर या दोन वस्तू वेगळ्या आहेत. पहिला मान तात्काळ काढून घेता येतो, घेतला पाहिजे. त्यासाठी दुसरी वस्तू फोडावी लागत नाही.

या बाबतीत इस्रायलचे उदाहरण आम्हांस उद्बोधक वाटते. तेथील वाद्यवृंद १९३८ पासून वाग्नरचे संगीत जाहीर कार्यक्रमांत टाळीत आले आहेत. त्यामागे कायदा नाही. वाग्नर १८८३ सालीच वारला. त्यास शिक्षा करण्याचा हेतू असणे शक्य नाही. छळछावण्यांतून वाचलेली माणसे सभागृहात बसलेली असू शकतात, एवढाच त्याचा मुख्य आधार. २००१ साली जेरुसलेममध्ये डॅनियल बॅरनबॉइम यांनी कार्यक्रम संपल्यावर प्रथम श्रोत्यांशी चर्चा केली, ज्यांस ऐकायचे नव्हते त्यांस जाऊ दिले आणि मगच वाग्नर वाजविला. त्यावर मोठे वादळ उठले. आमच्या मते मात्र जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवण्याची ती रीत शहाणपणाची होती. आमच्या शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या त्या बाईस असे दार नव्हते. तिला रोज तेथे यावेच लागत होते.

कलेचे नुकसान होते, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. ते मुद्रण उत्तम होते. भूपाचा इतका स्वच्छ नमुना आमच्या संग्रहात दुसरा नाही, आणि मुलांची बेसूर प्रार्थना ऐकताना आमच्या कानास अजूनही त्याची आठवण होते. तबकडी आम्ही फेकलेली नाही, कपाटात आहे. मागच्या महिन्यात संगीताच्या शिक्षिकेने नववीच्या मुलांना भूप आणि देशकार यांतील भेद दाखविण्यासाठी ती मागितली. आम्ही दिली. वर्गाची दारे लावून घेण्यास सांगितले, आणि त्या तासाला कोण कोण बसणार आहे त्याची यादी आधी मागवून घेतली.