वालोरिसचे वाडगे : शिक्का आणि घाट
दक्षिण फ्रान्समधील वालोरिस हे स्वयंपाकाच्या मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध गाव. धातूच्या भांड्यांमुळे खालावलेल्या तेथील व्यवसायास पिकासोच्या आगमनाने नवसंजीवनी मिळाली. १९४७ पासून त्याने सुझान व जॉर्ज रामिये यांच्या मादुरा कार्यशाळेत काम केले. त्याच्यासाठी चाकावर भांडी घडविणारा कुंभार होता ज्यूल आगार. आजचा संग्राहक मात्र शोभेचा वाडगा हाती येताच उपडा करून तळावरील शिक्का शोधतो. शिक्क्यावरून कार्यशाळा कळते. काठाची जाडी, झिलईची खोली व घाटाचा तोल यांची पारख नजरेनेच करावी लागते. केवळ शिक्क्यावर उभा राहिलेला संग्रह बाजारमूल्य जपतो. घडविणाऱ्या हाताची ओळख मात्र त्यातून निसटते, असे म्हणावे लागेल.