'वुई लिव्ह' : खाणकामगारांची कादंबरी आणि कौन्सिलची निवडणूक

लुईस जोन्सची 'वुई लिव्ह' ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी बोलताना प्रचारकी हा शब्द लगेच पुढे येतो. हा शब्द आपल्याला नवा नाही. ज्याच्या लेखनात पोटाचा प्रश्न आला त्याच्या कपाळी तो चिकटवायचा, ही पांढरपेशा समीक्षेची जुनी रीत आहे. त्या वादात येथे शिरायचे कारण नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ही कादंबरी कौन्सिलची निवडणूक जिंकून देते, पण निवडून आलेल्या माणसाच्या हाती पुढे नेमके काय उरते, हा प्रश्न ती पुरता धसास लावीत नाही.

आणि हे जोन्सला माहीत नव्हते असे म्हणावे, तर त्याचे आयुष्यच आडवे येते. १८९७ साली दक्षिण वेल्सच्या ऱ्होंडा खोऱ्यात, क्लिडाख वेल येथे त्याचा जन्म झाला. पोरवयातच तो खाणीत उतरला. कामगार संघटनांच्या पैशावर चालणाऱ्या लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात तो १९२३ ते १९२५ शिकला. (खाणीत राबणाऱ्यांनी आपल्या वर्गणीतून आपल्यातल्या एकाला शिकायला पाठवावे, हे वाचताना माझ्यासारखा पहिल्या पिढीचा पदवीधर थोडा थबकतो.) पुढे कँब्रियन खाणीत तो कामगारांच्या वतीने कोळशाचे वजन तपासणारा झाला. १९२६ च्या टाळेबंदीत भाषणांपायी तुरुंगात गेला. बेकारांचे मोर्चे त्याने लंडनपर्यंत नेले. १९३६ मध्ये कम्युनिस्ट म्हणून ग्लॅमॉर्गन काउंटी कौन्सिलवर निवडून आला. जानेवारी १९३९ मध्ये स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी एका दिवसात तीसहून अधिक सभा घेतल्या आणि त्याच दिवसाअखेर तो वारला.

'कुमार्डी' (१९३७) आणि 'वुई लिव्ह' या दोन्ही कादंबऱ्या एकाच वस्तीच्या आहेत. दुसरीत लेन आणि मेरी हे जोडपे मध्यभागी आहे. मेरी कम्युनिस्ट पक्षातर्फे कौन्सिलवर निवडून येते. लेन स्पेनमध्ये लढायला जातो व तिथेच मरतो. मोर्चा, पोलिसांची लाठी, खाणीच्या तळाशी ठिय्या देऊन बसलेले कामगार : या ठिकाणी जोन्सची लेखणी तापते. गर्दीला एक देह मिळतो, तिचा श्वास ऐकू येतो. कौन्सिलचे सभागृह त्या मानाने फिके राहते. मेरीची निवड हा वस्तीचा विजय म्हणून येतो, आणि कादंबरी पुन्हा रस्त्यावर उतरते.

त्या काळातल्या कौन्सिलचा कारभार पाहिला म्हणजे हे फिकेपण अधिक खटकते. ब्रिटनमध्ये १९२८ साली पार्लमेंटसाठी प्रौढ मताधिकार पुरा झाला. कौन्सिलचे मत मात्र घरपट्टी भरणारे, म्हणजे घराचे धारक, आणि त्यांचे जोडीदार यांच्यापुरतेच होते. आईबापाच्या घरात राहणारा पंचवीस वर्षांचा खाणकामगार पार्लमेंटसाठी मत देई, पण ज्या कौन्सिलकडे त्याच्या गल्लीतली गटारे आणि धाकट्या भावाची शाळा होती तिच्यासाठी त्याला मत नव्हते. हा भेद १९४५ पर्यंत टिकला. दुसरा नियम याहून बोचरा आहे. औषधोपचारासारखे अपवाद सोडले, तर ज्याने मागच्या बारा महिन्यांत गरीब-मदत घेतली त्याला कौन्सिलचा सदस्य होता येत नसे. खाणी बंद पडत चाललेल्या खोऱ्यात हा नियम कोणाला बाहेर ठेवीत होता, हे सांगायला नको. भूक ज्याला सर्वांत जास्त ठाऊक, तोच भुकेविषयीच्या चर्चेला अपात्र! कादंबरीकाराला याहून मोठे नाट्य कोणते हवे होते?

एवढ्या गाळण्यांतूनही कामगार निवडून आले आणि त्यांनी कौन्सिले ताब्यात घेतली. मग सरकारने काय केले? ट्रेडीगर गाव ज्यात मोडत होते त्या बेडवेल्टी युनियनच्या निवडून आलेल्या पालक-मंडळाने १९२६ मध्ये उपाशी कुटुंबांना सढळ हाताने मदत केली. १९२७ च्या फेब्रुवारीत ते मंडळ बाजूला सारून वर सरकारी कमिशनर बसवले गेले, आणि त्यांनी मदतीला कात्री लावली. १९२९ साली कारखाने आणि खाणी यांच्यावरची पट्टी तीन-चतुर्थांशाने माफ झाली. कौन्सिलच्या हातात बजेट आले, तोवर मालकाचा खिसा तिच्या आवाक्याबाहेर नेला होता. १९३४ च्या कायद्याने बेकारांच्या मदतीचा मोठा भाग स्थानिक समित्यांकडून काढून, कोणीही न निवडलेल्या एका मध्यवर्ती बोर्डाकडे दिला.

हाच अनुभव अनायरिन बेव्हनने १९४३ मध्ये पार्लमेंटातल्या एका भाषणात सांगितला आहे. तोही १८९७ चाच, तोही खाणीतला, त्याच लेबर कॉलेजातला. गावात सत्ता कोणाकडे, तर कौन्सिलरांकडे, असे त्याने लहानपणी ऐकले. १९२२ मध्ये तो ट्रेडीगरच्या कौन्सिलवर गेला, तर सत्ता काउंटीकडे निघून गेलेली. १९२८ मध्ये काउंटीवर गेला, तर ती तिथूनही निसटलेली. १९२९ मध्ये तो पार्लमेंटात पोचला. जोन्सच्या शेकडो पानांत जे नीट उमटले नाही ते बेव्हनने हसत हसत एका परिच्छेदात सांगितले. कलेच्या नावाने नाके मुरडणाऱ्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा. तो एका राजकारण्याचा आहे.

जोन्सच्या बाजूनेही मात्र एक गोष्ट मांडली पाहिजे. त्या मध्यवर्ती बोर्डाने जानेवारी १९३५ मध्ये नवे दर लावले. पुष्कळ घरांची मदत घटली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दक्षिण वेल्समध्ये लाखोंनी लोक रस्त्यावर आले आणि सरकारला कपात थांबवावी लागली. म्हणजे सभागृहातून जे सुटले होते ते रस्त्याने निदान काही काळ रोखून धरले. जोन्स त्या चळवळीतला माणूस. त्याची लेखणी मोर्चाकडे झुकते, ती या अनुभवाने. मला हे पटते. तरीही मग मेरीला खुर्चीवर बसवलेच का, याचे उत्तर कादंबरीने द्यायला हवे होते. ती लेनच्या मागे उरलेली शोकाकुल बायको नव्हे, एवढे दाखवण्यापुरती ती खुर्ची आहे की काय, असा संशय येतो.

कारण खुर्ची कामगार वस्तीची झाली म्हणून बाईला न्याय मिळेच असे नव्हते. ऱ्होंडा कौन्सिलने विवाहित शिक्षिकांना नोकरीवरून काढले. त्या कोर्टात गेल्या आणि १९२३ साली हरल्या. खाणकामगारांच्या खोऱ्यातले हे कौन्सिल आणि खाणकामगारांच्या घरांतून वर आलेल्या या मुली! मेरीसारखी विवाहित स्त्री अशा सभागृहात शिरते तेव्हा तिच्या पुढ्यात केवळ खाणमालक नसतो.

जोन्सच्या मृत्यूनंतर कादंबरीची अखेरची प्रकरणे मेविस लुएलिनने पुरी केली असे मानले जाते. ती नँटीमोएलची, पेशाने शिक्षिका आणि कम्युनिस्ट कौन्सिलर. मेरी ज्या खुर्चीवर बसली तसल्याच खुर्चीवर ती प्रत्यक्ष बसली होती. पण त्या प्रकरणांना लेनचा मृत्यू आणि स्पेनची ललकारी पेलायची होती. तिच्या स्वतःच्या कौन्सिलमधले सोमवार-मंगळवार त्यांत आले नाहीत.