खळे, श्रीनिवास

खळे, श्रीनिवास : (३० एप्रिल १९२६–२ सप्टेंबर २०११). मराठी भावसंगीतातील एक श्रेष्ठ संगीतरचनाकार. भावगीत, अभंग, बालगीत, लावणी, नाट्यगीत, चित्रपटगीत व समूहगीत अशा विविध प्रकारांत त्यांनी स्वररचना केल्या. तथापि त्यांची कीर्ती मुख्यतः भावगीत आणि अभंग या दोन प्रकारांवर अधिष्ठित आहे. १ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्याचे गौरवगीत म्हणून रूढ झालेल्या व १९ फेब्रुवारी २०२३ पासून अधिकृत राज्यगीत ठरलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताची चाल त्यांचीच.

त्यांचा जन्म बडोदे येथे झाला. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयामुळे त्या नगरीस संगीतपरंपरेचा मोठा वारसा लाभला होता. आग्रा घराण्याचे फैयाजखाँ हे तेथील दरबारगायक होते. अशा वातावरणात खळे यांचे संगीतशिक्षण मधुसूदन जोशी यांच्याकडे सुरू झाले. रागसंगीताच्या या पायाभूत संस्कारातून त्यांना स्वरलगावाची सूक्ष्म जाण लाभली. परंतु मैफलीचा गायक होण्याऐवजी ते स्वररचनेकडे वळले. पुढे ते मुंबईस आले. चित्रपटसृष्टीत त्यांनी प्रारंभी संगीतकार दत्ता कोरगावकर यांचे साहाय्यक म्हणून काम केले. स्वतंत्र संधी मिळण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

ती संधी बालगीतांच्या रूपाने आली. ग. दि. माडगूळकरांची ‘गोरी गोरी पान’ व ‘एका तळ्यात होती’ ही दोन गीते मूळ एका चित्रपटासाठी योजलेली होती. चित्रपटात ती आली नाहीत. पण १९५२ च्या सुमारास आशा भोसले यांच्या स्वरांत त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती घरोघरी पोहोचली. बालगीताची चाल सोपी असावी, पण बाळबोध असू नये, हा विवेक या आरंभीच्या रचनांतही आढळतो. ‘एका तळ्यात होती’ या गीतातील उपेक्षित पिलाचे दुःख आणि त्याची अखेरची ओळख या दोन्ही अवस्था चालीने सारख्याच संयमाने पेलल्या आहेत.

पार्श्वभूमी : खळे यांच्या कार्याचे मोल जाणण्यासाठी भावगीताची वाटचाल लक्षात घेणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत नाट्यसंगीताचा बहर ओसरू लागला आणि ध्वनिमुद्रिका व नभोवाणी ही नवी माध्यमे पुढे आली. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या ‘रानारानांत गेली बाई शीळ’ या कवितेचे जी. एन्. जोशी यांनी केलेले गायन हा या नव्या प्रकाराचा एक महत्त्वाचा प्रारंभबिंदू मानला जातो. भावगीताच्या उगमाशी वऱ्हाडचा असा निकटचा संबंध आहे. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस साधारणतः तीन मिनिटांचाच अवधि मिळे. त्यामुळे विस्तारास वाव नसे आणि कवितेतील एका भावावस्थेला थोडक्या स्वरांत आकार द्यावा लागे. गजानन वाटवे यांनी काव्यगायनाची परंपरा लोकप्रिय केली, तर सुधीर फडके, वसंत प्रभू, यशवंत देव प्रभृतींनी या प्रकाराला भिन्न भिन्न वळणे दिली. खळे या पिढीचेच. पण त्यांची वाट पुष्कळशी स्वतंत्र होती.

भावगीते : मंगेश पाडगावकर हे खळे यांना लाभलेले सर्वांत समानधर्मी कवी होत. ‘शुक्रतारा मंद वारा’ हे अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांनी गायिलेले युगुलगीत १९६० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांतील होय. इंदूरच्या मराठी वातावरणात वाढलेल्या दाते यांचा मृदू, किंचित कंप पावणारा आवाज मराठी श्रोत्यांना या गीताने परिचित करून दिला. गायकाच्या आवाजाचा धर्म ओळखून चालीची घडण करणे, हे खळे यांचे वैशिष्ट्य येथे स्पष्ट होते. लता मंगेशकर यांनी गायिलेल्या ‘श्रावणात घन निळा बरसला’ या पाडगावकरांच्याच गीतात त्यांनी अधिक धाडसी योजना केली. भावगीतात सामान्यतः पहिल्या अंतऱ्याची चालच पुढील अंतऱ्यांना लावण्यात येते. येथे मात्र प्रत्येक अंतरा निराळ्या चालीत बांधलेला असून, ती प्रत्येक वाट अखेर सहजतेने मुखड्याशी येऊन मिळते. कवितेतील दृश्ये बदलत जातात, मनाची अवस्था मात्र तीच राहते, याचे हे स्वरांतील प्रतिरूप होय. रचनेतील हे वैचित्र्य सर्वसामान्य श्रोत्याला जाणवतही नाही, यातच तिचे यश आहे.

वा. रा. कांत यांच्या ‘बगळ्यांची माळ फुले’ या कवितेसाठी त्यांनी वसंतराव देशपांडे यांच्या आवाजाची निवड केली. मूर्तिजापूर येथे जन्मलेल्या वसंतरावांची गायकी आक्रमक, चपळ व अनपेक्षित स्वरवाक्यांनी भरलेली होती. या गीतात ते सारे सामर्थ्य आवरून धरलेले आहे. गतस्मृतींची हुरहूर व्यक्त करताना गायकाचा आवाज फुलण्याच्या बेतात येतो आणि मागे वळतो. गायकाची शक्ती न वापरण्यातूनही परिणाम साधता येतो, याचे हे उत्तम उदाहरण ठरावे. हृदयनाथ मंगेशकर यांनी गायिलेले ‘लाजून हासणे’ आणि सुलोचना चव्हाण यांनी गायिलेली राजा बढे यांची ‘कळीदार कपुरी पान’ ही बैठकीची लावणी यांवरून त्यांच्या प्रतिभेचा पल्ला ध्यानात येतो.

अभंग : संत तुकारामांच्या अभंगांना दिलेल्या चाली हा खळे यांच्या कार्याचा दुसरा महत्त्वाचा भाग होय. ‘अभंग तुकयाचे’ या लता मंगेशकर यांच्या ध्वनिमुद्रिकेत ‘सुंदर ते ध्यान’, ‘भेटीलागी जीवा’, ‘कन्या सासुराशी जाये’ इ. अभंग समाविष्ट आहेत. त्यांपैकी शेवटच्या दोहोंत सासरी गेलेल्या लेकीची प्रतिमा आहे आणि दोन्ही चालींत त्या प्रतिमेचा आर्त सूर केंद्रस्थानी आहे. भीमसेन जोशी यांच्यासाठी बांधलेल्या ‘सावळे सुंदर रूप मनोहर’, ‘जे का रंजले गांजले’ यांसारख्या अभंगांत मात्र स्वरांची फेक मोठी व तालाची चाल ठाम आहे. हे दोन थोर गायक ‘राम श्याम गुणगान’ या पंडित नरेंद्र शर्मा यांच्या हिंदी पदांच्या संचात खळे यांच्या संगीतदिग्दर्शनाखाली एकत्र आले.

या रचनांविषयी एक आक्षेप संभवतो. वारकरी परंपरेत अभंग हा टाळ-मृदंगाच्या साथीने समूहाने म्हणावयाचा असतो. एकाने म्हणावे व इतरांनी उचलावे, अशी त्याची घडण असते. खळे यांच्या चालींनी त्याला एका कंठाचे गीत बनविले आणि दिंडीतील अभंग दिवाणखान्यात आणला. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु तुकारामांच्या गाथेत समूहाला उद्देशून केलेल्या उपदेशाबरोबरच एकाकी जिवाने विठ्ठलाशी केलेला संवादही आहे. त्या दुसऱ्या अंगाला पारंपरिक भजनात पुरेसा अवसर मिळत नसे. तो खळे यांनी मिळवून दिला. त्यांच्या चालींनी पारंपरिक भजनाला हटविले नाही, त्याच्या शेजारी आणखी एक वाट उघडली, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

नाट्य व चित्रपट : प्र. के. अत्रे यांच्या पाणिग्रहण या नाटकातील बकुल पंडित यांनी गायिलेले ‘उगवला चंद्र पुनवेचा’ हे पद विशेष गाजले. खळे यांनी संगीत दिलेले चित्रपट मोजकेच आहेत. यंदा कर्तव्य आहे (१९५६), बोलकी बाहुली (१९६१), जिव्हाळा (१९६८) हे त्यांतील काही होत. जिव्हाळातील ‘या चिमण्यांनो परत फिरा रे’ या माडगूळकरांच्या गीतात सायंकाळी घराकडे परतण्याची साद आहे. साद घालणाऱ्या आवाजाचा स्वाभाविक चढउतारच चालीत उतरल्यामुळे ते गीत चित्रपटाबाहेरही जिवंत राहिले.

राज्यगीत : ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताचे कवी राजा बढे नागपूरचे, गायक शाहीर साबळे सातारा जिल्ह्यातील, तर संगीतकार बडोद्याचे. ज्या दिवशी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, त्याच दिवशी खळे यांची जन्मभूमी गुजरात राज्यात गेली, हा योगायोग लक्षणीय आहे. गीतात उल्लेखिलेल्या नद्यांमधील वरदा म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहणारी वर्धा होय. विदर्भाचा नव्या राज्यात झालेला समावेश त्यातून सूचित होतो. हळुवार भावगीतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रचनाकाराने येथे शाहिरी ढंगाची, समूहाला सहज उचलता येईल अशी ठसठशीत चाल दिली.

मूल्यमापन : खळे यांच्या चाली ऐकावयास सोप्या, परंतु गावयास अवघड असतात, असे त्यांच्याविषयी नेहमी म्हटले जाते. मुखड्याची अनपेक्षित जागी होणारी सुरुवात, अर्थाला अनुसरून लांबविलेले वा आखडलेले अक्षर, अंतऱ्यातून मुखड्याकडे परतताना घेतलेले आडवळण आणि वाद्यमेळाचा मितव्यय ही त्यांच्या शैलीची लक्षणे होत. यशवंत देव यांच्या रचनांत शब्दोच्चार व अर्थवाहकता यांना प्राधान्य असते, तर फडके यांच्या चालींत प्रासादिकतेला. खळे यांच्या ठिकाणी स्वरवाक्याचे सौंदर्य अग्रभागी असते; काही वेळा ते कवितेच्या साधेपणावर कुरघोडी करते, हेही नमूद केले पाहिजे. तसेच चंद्र, तारका, श्रावण व विरह या स्वच्छंदतावादी भावविश्वापलीकडे मराठी नवकवितेने जी वाट चोखाळली, तिच्याकडे त्यांच्या पिढीतील भावगीतकारांप्रमाणे तेही फारसे वळले नाहीत. पुढे सुरेश भटांच्या गझलांना स्वररूप देणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील सुधाकर कदम यांसारख्या रचनाकारांनी त्या चौकटीबाहेरचा एक मार्ग दाखविला.

पाश्चात्त्य संगीतातील गीतकारांशी तुलना करता एक मूलभूत भेद नजरेस येतो. शूबर्ट, शूमान यांची परंपरा पुढे नेणारा डॅनिश रचनाकार पीटर लांगे-म्यूलर (१८५०–१९२६) हाही मुख्यतः गीतांमुळेच स्मरणात राहिला. होल्गर ड्राकमान याच्या नाटकासाठी त्याने १८८७ मध्ये रचलेले मध्यग्रीष्माचे गीत डेन्मार्कमध्ये २३ जूनच्या रात्री होळीभोवती सर्वजण मिळून गातात. वैयक्तिक भावनेच्या गीतांत रमणाऱ्या रचनाकाराचे एक गीत साऱ्या समाजाचे व्हावे, हे दोघांतील साम्य होय. परंतु लांगे-म्यूलरची गीते पियानोच्या साथीसह स्वरलिपीत छापली गेली. त्यामुळे ती कोणीही गायिली, तरी रचना त्याचीच राहते. मराठी भावगीताची चाल संगीतकार गायकाला तोंडी शिकवितो आणि ती ध्वनिमुद्रणात त्या गायकाच्या आवाजासह कायम होते. श्रोत्याच्या मनात गीत लता मंगेशकरांचे, भीमसेन जोशींचे किंवा अरुण दाते यांचे होते. चाल बांधणारा मागे पडतो. खळे यांना पद्मभूषण हा सन्मान २०१० मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी मिळाला. या विलंबाचे एक कारण वरील परिस्थितीत शोधता येईल.

त्यांनी अनेक शिष्यांना घडविले. शंकर महादेवन यांचे नाव त्यांत विशेष उल्लेखनीय आहे. मात्र त्यांच्या चाली प्रामुख्याने ध्वनिमुद्रणांतच उपलब्ध आहेत. त्यांचे स्वरलेखन व रचनादृष्ट्या विश्लेषण झाल्याखेरीज मराठी भावगीताच्या इतिहासात रचनाकाराचे स्थान यथार्थपणे निश्चित होणार नाही, आणि तसे विश्लेषण हाती घेतल्यास त्याचा आरंभ खळे यांच्यापासून करणे उचित ठरेल. त्यांचे निधन ठाणे येथे झाले.