धुरेवरचे हात

आमच्या वर्धा जिल्ह्यात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आटोपला की खरा पट रंगतो तो चहाच्या टपरीवर. घड्याळानं निकाल दिलेला असतो, बक्षीसही वाटून झालेलं असतं, तरी वाद मिटत नाही. ‘जोडीच तशी होती बाप्पा, कोनीबी हाकलली असती,’ एक जण म्हणतो. ‘मंग तूच बसून पाह्य ना धुरेवर!’ दुसरा उसळतो. जोडी पळाली, की धुरकऱ्यानं पळवली? हा प्रश्न आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलाय आणि तो फक्त बैलांपुरता नाही.

बैलाची बाजू दिसायला सोपी. आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातला गवळाऊ अंगानं हलका, रंगानं पांढरा, पायाचा चपळ. हेटीकुंडीच्या फार्मवर याच जातीची पैदास होते. धुरकऱ्याचं कसब मात्र नजरेत भरत नाही. दोन बैलांचे स्वभाव वेगळे. एक सुटतानाच झेप घेतो, दुसऱ्याला रंगात यायला चार ढांगा लागतात. त्या दोघांना एका ढांगेत आणायचं, दानीबाहेर, म्हणजे धावपट्टीबाहेर, जाऊ द्यायचं नाही आणि कासरा कुठं सैल सोडायचा हे ओळखायचं. यात जो मुरला, तो धुरेवर नुसताच बसल्यासारखा वाटतो. नवखा आरडाओरड करतो, झटके देतो आणि घड्याळाला वेळ देऊन बसतो.

ही नजर घेऊन मी एक फेरी पुन्हा पुन्हा पाहत आलोय. २६ मे २०१२, मोनॅको, फॉर्म्युला वनची पात्रता फेरी. मर्सिडीजच्या गाडीत मायकेल शूमाकर, वय ४३. सात वेळचा जगज्जेता, २००६ च्या अखेरीस निवृत्त झालेला आणि २०१० मध्ये परतलेला. फेरीची वेळ १ मिनिट १४.३०१ सेकंद. त्या दिवशी याहून कमी वेळ कुणीच दिली नाही.

मोनॅको म्हणजे शहराचेच रस्ते. लांबी ३.३४ किलोमीटर, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, चुकीला जागा नाही. चढ चढून कॅसिनोपाशी यायचं, केसाच्या पिनेसारख्या वळणावर गाडी जवळजवळ थांबवायची, बोगद्याच्या अंधारातून भर वेगात उजेडात यायचं आणि लगेच ब्रेक दाबायचे. अशा दानीवर जोडीपेक्षा धुरकरी मोठा ठरतो. तरी त्या फेरीत सरासरी वेग पडला ताशी सुमारे १६२ किलोमीटर.

टपरीवरच्या वादाचा निकाल लावायचा तर तीच जोडी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. इथं ती दिलेलीच होती. तशाच दुसऱ्या मर्सिडीजमध्ये निको रोझबर्ग होता, २६ वर्षांचा, शूमाकरहून सोळा वर्षांनी लहान, पुढे २०१६ मध्ये स्वतः जगज्जेता झालेला. त्याची वेळ १ मिनिट १४.४४८. म्हणजे गाडी चांगली होतीच, त्यात वाद नाही. उरलेला ०.१४७ सेकंद हातांचा. त्या वेगात तेवढ्या वेळात गाडी साडेसहा मीटर जाते. बैलांसकट एक छकडा आरामात उभा राहील, एवढी जागा. त्रेचाळिशीच्या हातांनी ही जागा मोनॅकोच्या कठड्यांमधून काढली.

मग पुनरागमन यशस्वी म्हणायचं का? आकडे ‘नाही’ म्हणतात आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१० ते २०१२ या तीन हंगामांत रोझबर्गचे गुण ३२४, शूमाकरचे १९७. रोझबर्गनं २०१२ ची चीनमधली शर्यत जिंकली; शूमाकरला तीन वर्षांत एकही विजय नाही, एकदाच व्हॅलेन्सियात तिसरा क्रमांक. याउलट निकी लाउडा १९७९ मध्ये थांबला, १९८२ मध्ये परतला आणि १९८४ चं जगज्जेतेपद अवघ्या अर्ध्या गुणानं घेऊन गेला. पण परतला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता.

शूमाकरची अडचण आमच्या धुरकऱ्यांना नीट कळेल. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या सात वर्षांत पटाचे बैल म्हातारे झाले. धुरकरी परत आला तेव्हा धुरेपुढे दुसरीच जोडी होती आणि नियमही बदललेले, पराणी-चाबूक वर्ज्य. शूमाकरचंही तसंच झालं. तो गेला तेव्हा खाचांचे टायर होते, परतला तेव्हा गुळगुळीत. शर्यतीच्या मध्येच इंधन भरणं बंद झालेलं. ज्या अखंड सरावावर त्यानं फेरारीत साम्राज्य उभारलं, तो सराव हंगाम सुरू असताना करायलाच बंदी. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या नव्या ट्रॅकवर भारतातली पहिली शर्यत झाली. तिथं दान सगळ्यांनाच नवी होती. शूमाकर पाचवा आला, रोझबर्ग सहावा.

मोनॅकोच्या फेरीला एक काळी कडाही आहे. त्याआधी दोनच आठवडे बार्सिलोनात शूमाकरनं ब्रुनो सेनाच्या गाडीला मागून धडक दिली होती. अंतराचा अंदाज चुकला. शिक्षा झाली, पुढच्या, म्हणजे मोनॅकोच्याच शर्यतीत पाच जागा मागून सुटायचं. एकाच महिन्यात, त्याच हातांनी, एकदा समोरच्या गाडीचं अंतर चुकावं आणि एकदा कठड्यांमधून साडेसहा मीटर काढावेत! मला ही फेरी मोलाची वाटते ती या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर. वयानं त्याचं कसब नेलं नव्हतं. कसब हवं त्या दिवशी, हाक मारल्याबरोबर हजर होण्याची खात्री तेवढी नेली होती. गुणतक्ता खात्री मोजतो, म्हणून तो रोझबर्गला वर ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. कसब पाहायचं असेल तर मात्र ही ७४ सेकंदं पाहावीत, आणि गाडीकडे नव्हे, हातांकडे पाहावं.

दुसऱ्या दिवशी शूमाकर सहाव्या जागेवरून सुटला आणि गाडीच्या इंधनाचा दाब बिघडल्यानं शर्यत अर्धवट सोडून परतला. नोंदवहीत त्या शर्यतीत सुटण्याची पहिली जागा मार्क वेबरच्या नावावर आहे. त्याची वेळ होती १ मिनिट १४.३८१.