मागच्या सीटचा हिशेब

मोटारसायकल हा काही समीक्षेचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटेल. नाटकावर लिहावे, गाण्यावर लिहावे. लोखंडावर काय लिहायचे? इंग्लंडात वीस वर्षे काढल्यावर माझे मत बदलले आहे. इथे रविवारी सकाळी एखाद्या कॅफेसमोर जुन्या मोटारसायकली ओळीने उभ्या असतात. हात मागे बांधून त्यांच्याभोवती फिरणारी माणसे टाकीचा उतार आणि सीटची रेषा ज्या गांभीर्याने न्याहाळतात, ते गांभीर्य मी आपल्याकडे संगीत महोत्सवातच पाहिले आहे. ज्या कलेला इतके रसिक आहेत, तिला एखादा टीकाकार असायला हरकत नसावी.

माझी टीका मोटारसायकलीच्या मागच्या भागावर आहे. सध्याची फॅशन अशी: जुनी गाडी घ्यायची, मागचे लांब मडगार्ड काढून टाकायचे, सीटखालून मागे आलेली सांगाड्याची टोके कापायची आणि तिथे घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली नळी वेल्ड करायची. तिच्यावर दोन बोटे जाडीची सपाट सीट, आणि टेललाइट त्या नळीतच लपवलेला. सीटला मागे कुबड असेल तर तिला ‘कॅफे रेसर’ म्हणतात, सपाट असेल तर ‘ब्रॅट’. हे दुसरे नाव टोकियोतल्या एका कार्यशाळेवरून पडले. गाडी दिसते मात्र झकास. सडपातळ, अंग चोरून उभी, आता उडी मारील अशी.

या रूपाचे मूळ लंडनमध्ये आहे. नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा एस कॅफे १९३८ साली सुरू झाला, युद्धात बाँबने पडला, १९४९ मध्ये पुन्हा बांधला गेला. पन्नाशी-साठीच्या दशकांत तिथे जमणारी कामगार घरांतली तरुण पोरे आपल्या गाड्या शर्यतीच्या गाड्यांसारख्या करीत. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने नॉर्टनसाठी केलेला ‘फेदरबेड’ सांगाडा १९५० मध्ये शर्यतीत उतरला. पुढे त्याच सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून ‘ट्रायटन’ नावाची संकरित जात निपजली. त्या पोरांनी मडगार्ड छाटले ते वजन कमी करण्यासाठी. सीटला कुबड दिले ते वेग घेताना स्वार मागे घसरू नये म्हणून. मागे कोणी बसणार नव्हतेच. प्रत्येक कापाला एक कारण होते. कारण पटो न पटो, ते होते.

एस कॅफे १९६९ मध्ये बंद पडला आणि २००१ मध्ये पुन्हा उघडला. मधल्या काळात कारणे गेली आणि आकार उरला. आज शेपटी कापणारा माणूस शर्यतीला निघालेला नसतो. त्याला ‘स्वच्छ रेषा’ हवी असते: टाकीच्या तळापासून सीटच्या टोकापर्यंत एक सरळ आडवी ओळ. हे मागणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप त्या रेषेसाठी काय काय लपवले जाते, याला आहे.

यात माझा स्वतःचा हिशेब गुंतलेला आहे. सहा वर्षांपूर्वी मी एक ३५० सी.सी. बुलेट विकत घेतली. १९८४ ची, मद्रासमध्ये बनलेली. एन्फील्ड इंडियाने १९७७ पासून या गाड्या इंग्लंडला पाठवायला सुरुवात केली होती. मूळ कंपनी रेडिचची, १९५५ मध्ये मद्रासशी करार झाला. रेडिचचा कारखाना बंद पडला आणि मद्रासचा चालू राहिला. म्हणजे ही गाडीही आमच्यासारखीच, तिकडून इकडे आलेली. माझ्या वडिलांची बुलेट होती, सांगलीला. पाटबंधारे खात्याच्या कामावर ते तिच्यावरून जात. रविवारी टाकीवर मी, मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, तिच्या मांडीवर धाकटी बहीण. तेव्हा त्याला ट्रिपलसीटसुद्धा कोणी म्हणत नसे, कुटुंब म्हणत.

मी घेतलेली गाडी आधीच्या मालकाने ‘ब्रॅट’ करून घेतली होती. सीट सपाट, पण दोघांना पुरेल इतकी. मागचे फूटरेस्ट शाबूत. दोन उन्हाळे माझी मुलगी माझ्या मागे बसून हिंडली. गेल्या वर्षी तिलाच गाडीचे वेड लागले. सीट काढून, रंग खरवडून नव्याने रंगवायचे तिने ठरवले. एके शनिवारी गॅरेजमधून हाक आली, “बाबा, इथे केस अडकलाय की चीर आहे?”

चीर होती. वेल्डच्या कडेने, नळीच्या वरच्या अंगाला, सीटने झाकलेली.

मी अभियांत्रिकीत डॉक्टरेट केली असली तरी पोटापाण्यासाठी संगणकाच्या आज्ञावली लिहितो. त्या दिवशी मात्र बऱ्याच वर्षांनी कागदावर जुने गणित मांडले. मुलीचे वजन ५० किलो. ते जोडाच्या २० सेंटिमीटर मागे पडते असे धरू. नळ्या दोन, २२ मिलिमीटर व्यासाच्या, १.६ मिलिमीटर जाडीच्या. गाडी उभी असताना नळीच्या वरच्या अंगावर ताण येतो सुमारे १०० मेगापास्कल. खड्ड्यात तो सहज दुप्पट होतो, म्हणजे २००. साधे पोलाद सुमारे २५० ला कायमचे वाकू लागते. म्हणजे कागदावर गाडी पास!

पण हे गणित जोड नळीइतकाच भक्कम आहे असे गृहीत धरते. तो तसा नव्हता. नळ्या नुसत्या टोकाला टोक लावून वेल्ड केल्या होत्या, आत आधाराची नळी घातलेली नव्हती. त्यावर वेल्डचा उंचवटा दिसू नये म्हणून तो ग्राइंडरने घासून सपाट केला होता, आणि घासताना काही ठिकाणी नळीची जाडी निम्म्यावर आली होती. वर पुट्टी, वर काळा रंग. जाडी निम्मी झाली की ताण जवळपास दुप्पट. शिवाय प्रत्येक खड्ड्याला तो येणार आणि जाणार. धातू असाच थकतो. वजन मागे लोंबत असल्याने वरचे अंग ताणले जाते, म्हणून चीर वरून सुरू होते, आणि वर तर सीट असते. जिथे बघायला हवे, नेमके तिथेच झाकण.

आता माझा आक्षेप नीट मांडता येईल. त्या जोडाला घासण्याचे यांत्रिक कारण एकही नव्हते. तो केवळ सुंदर दिसावा म्हणून घासला, आणि सुंदर दिसण्याच्या मापाने तो कमकुवत झाला. ट्रायटनवाल्या पोरांनी आपला जीव धोक्यात घातला, तो डोळे उघडे ठेवून. इथे कापणाऱ्याने मागे बसणाऱ्याचा जीव धोक्यात घातला, आणि वर फूटरेस्ट ठेवून त्याला ‘बसा’ म्हटले. एकच सीट ठेवली असती तर मी या गाडीला भडक म्हटले असते, खोटी म्हटले नसते.

शेपटी आखूड असणे हा दोष नव्हे. रॉयल एन्फील्डची २०१३ ची काँटिनेंटल जीटी पाहा. तिचा सांगाडा हॅरिस परफॉर्मन्स या इंग्लिश कंपनीने आखला, आणि २०१५ मध्ये ती कंपनीच एन्फील्डने विकत घेतली. मागचा भाग तोकडा आहे, पण तो मुळापासून तसा आखलेला आहे. एकेरी आणि दुहेरी दोन्ही सीटचा विचार त्यात आहे. तिच्यात काही कापलेले नाही, म्हणून काही लपवावे लागत नाही.

कायदा इथे फार मदत करीत नाही. इंग्लंडात २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला, तिच्यात मोठे फेरफार नसतील तर, एमओटी तपासणीची सक्ती नाही. आणि फेरफार नाहीत हे मालकानेच जाहीर करायचे. तपासणी झाली तरी तपासनीस गाडी उलगडून बघत नाही. भारतात दुसरे टोक: मूळ रचनेत बदलच नको, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. एकीकडे विश्वास, दुसरीकडे बंदी. दोन्हीकडे सीट उचलून बघणारा कोणी नाही. ते काम आपले आपणच करायचे.

भारतातल्या १९८९ च्या नियमांत मात्र एक कलम मला फार आवडते. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकलेले हवे. हेच आपले साडीगार्ड. तरुणपणी मला त्याची लाज वाटे. मित्राच्या गाडीचे काढले, तेव्हा मीही पाना धरला होता. ब्रिटनचा १९८८ चा कायदा मागच्या माणसाला दोन्हीकडे पाय टाकूनच बसायला लावतो, म्हणून इथे साडीगार्डचे काम उरत नाही. पण ते बेढब लोखंड ज्याने लावले, त्याने माझ्या आईचा विचार केला होता. सॉफ्टवेअरमध्येही जुन्या आज्ञावलीत अशा निरर्थक दिसणाऱ्या ओळी असतात. नवखा माणूस त्या पुसतो, आणि पंधरा दिवसांनी रात्री दोन वाजता त्याला कळते की त्या कोणासाठी होत्या.

बुलेटचे पुढे काय झाले? गावातल्या एका निवृत्त वेल्डरने जुनी नाल कापून नवी बसवली. आत आठ सेंटिमीटरची घट्ट बसणारी नळी, बाहेरून भोके पाडून तीही वेल्ड केलेली, खाली तिरका आधार. स्प्रिंगा काढून चाक पार वरपर्यंत दाबून पाहिले, तेव्हा टायर सीटच्या पत्र्याला घासत होता हेही कळले. सीट वर घेतली. मडगार्ड लांब लावले, कारण इथला पाऊस पाठीवर चिखलाचा पट्टा ओढतो. वेल्डर जोड घासायला निघाला, तेव्हा मुलीने त्याला थांबवले. चीर पुन्हा आली तर दिसायला हवी, म्हणाली. सीटही चार बोल्ट काढले की उचलता येते.

मग लांब उभी राहून तिने गाडी पाहिली. “रेषा बिघडली, बाबा.” खरे आहे, बिघडली. मागून गाडी आता थोडी जड, थोडी प्रौढ दिसते. त्या कॅफेसमोर तिच्याभोवती कोणी फार वेळ रेंगाळत नाही.

पहिल्या फेरीला गाडी शेजाऱ्याने चालवली. मागे मी बसलो. माझे वजन ८२ किलो.